तिजोरी राहू द्या, आधी सातबारा काढा

चाळीसगावच्या एका वाचकाचं पत्र आहे. तितूरच्या काठी घर. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी एकदम फुगल्या, घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बुडाली. खरेदीखत, ठेवीच्या पावत्या, सगळ्यांचे दाखले, सगळं ओलं. पंख्याखाली वाळवलं आणि जे हाती लागलं त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. पुढच्या वर्षी वडील, म्हणजे आप्पा, वारले. आता पाऊस लागला की झोप उडते. विचारलंय ते असं: आग-पाण्याला दाद न देणारी ३८ हजारांची तिजोरी घेऊ, की बँकेत लॉकर? शिवाय एक एजंट म्हणतो, वर्षाला ६० हजारांची हमी परताव्याची पॉलिसी घ्या, कागदपत्रांसाठी 'डिजिटल तिजोरी' फुकट देतो. "आते काय करानं, भाऊ?"

तिजोरी नको. लॉकरही या कामासाठी नको. तुमची शाखा बाजारपेठेत, तळमजल्यावर, आणि तुम्हीच लिहिता की २०२१ला तिथंही पाणी होतं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांत आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली लबाडी यासाठी बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदार आहे. पूर त्यात नाही. सोनं असेल तर लॉकर जरूर घ्या.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याकडे येतो. पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, दोन ओळी आहेत. सहा एकर अजून आप्पांच्याच नावावर आहे. पतसंस्थेतल्या आठ लाखांच्या पावत्याही त्यांच्याच एकट्याच्या नावावर, मुदत २०२३ला संपलेली, "पण संस्था ओळखीची आहे, ११ टक्क्यांनी वाढतायत."

कशावरून वाढतायत? मुदत संपली की करारातला दर संपला. बँकांना तर नियमच आहे: मुदत संपून न मागितलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, जो कमी असेल तो. पतसंस्थेचा नियम तिच्या पोटनियमांत असतो, तो ११ टक्क्यांचा असेल या आशेवर बसू नका. तुमच्या हिशेबात वर्षाला ८८ हजार येतायत. बचतीचा साडेतीन टक्के धरला तर २८ हजार. म्हणजे दर वर्षीचे ६० हजार नुसते हवेतले. आणि मुद्दलाचं काय? बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवीदारांचे काय हाल झाले, हे चाळीसगावात राहणाऱ्याला मी सांगावं?

त्यात ते लॅमिनेशन. ठेव मोडताना पावतीच्या पाठीवर महसुली तिकीट लावून सही करावी लागते. प्लास्टिकवर कुठे करणार? ब्लेडनं सोलायला जाऊ नका, शिक्का आणि सही दोन्ही प्लास्टिकबरोबर निघून येतील. आहे तशी दाखवा आणि हमीपत्र देऊन दुय्यम पावती मागा. नॉमिनी "बहुतेक आई" असं लिहिलंय. बहुतेक चालत नाही, संस्थेच्या नोंदीत बघा. आणि आई नॉमिनी असली तरी पैसा तिच्या एकटीचा होत नाही, ती वारसांच्या वतीनं घेते.

जमिनीचं त्याहून वाईट. पुढच्या पुरात किंवा अतिवृष्टीत कपाशी गेली, पंचनामा झाला, तर मदत येणार सातबाऱ्यावरच्या नावानं, आधारशी जोडलेल्या खात्यात. ई-केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, अंगठा कोण देणार? जमिनीचा खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, तुमची वर्षं गेली. असे सातबारे इतके साचले की शासनाला २०२५मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठी कार्यालयात जा, किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क संकेतस्थळावर अर्ज करा. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यादीत आई, तुम्ही, धाकटा भाऊ आणि नंदुरबारला दिलेली बहीण, चौघं. पत्रात तिचा उल्लेख फक्त "दिवाळीला येते" एवढाच आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: तिचा हिस्सा तुमच्याइतकाच. ती स्वखुशीनं सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, तेही नंतर. आधी नाव लागू द्या.

पॉलिसी. दहा वर्षं ६० हजार भरा, म्हणजे सहा लाख. विसाव्या वर्षाअखेर बारा लाख 'हमखास'. दामदुप्पट ऐकून बरं वाटतं, पण पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, व्याज पडतं जेमतेम साडेचार टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये, आजचा ७.१ टक्के दर टिकला तर, तेवढ्याच काळात साडेसतरा-पावणेअठरा लाख होतात. विमा मिळतो सहा लाखांचा, दोन मुलांच्या बापाला तो कुठे पुरणार? साधी टर्म पॉलिसी, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ विमा, घ्या. आणि ती फुकटची डिजिटल तिजोरी? डिजिलॉकर सरकारनं कधीपासून फुकटच दिलाय.

त्यात आधार, पॅन, वाहन परवाना थेट त्या त्या सरकारी खात्याकडून ओढून घ्या, तोच मूळ कागदासारखा चालतो. मोबाइलनं काढून चढवलेला फोटो फक्त आठवणीपुरता. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. मूळ प्रतीच हव्यात अशा गोष्टी थोड्याच उरतात: पावत्या, आणि कुणी मृत्युपत्र केलं असेल तर ते. झाकणाला रबर असलेला चारशे रुपयांचा डबा आणा, माळ्यावर ठेवा. सगळ्याची एक यादी, खाते क्रमांकांसह, बहिणीकडे नंदुरबारला असू द्या. तितूर तिथवर येत नाही.

सुरुवात पतसंस्थेपासून करा, सातबारा त्याच आठवड्यात. व्यवस्थापक चहा पाजतील, "कशाला काळजी करता" म्हणतील. चहा घ्या आणि अर्ज लेखीच द्या: मुदतीनंतर कोणत्या दरानं व्याज, नॉमिनी कोण, वारसांना रक्कम कधी. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ती पोच जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या, तक्रार करा.