डेबियनमध्ये पॅकेज अपलोड केलं की सांभाळणाऱ्याचं काम संपतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'मी नुकतंच डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवक चालवतात त्या लिनक्स प्रणालीत, एक छोटं पॅकेज (तिच्यावर बसवायला तयार केलेलं सॉफ्टवेअर) सांभाळायला घेतलंय. पॅकेज बांधलं, चुका तपासणारं लिंटियन शांत झालं, अपलोडचा अधिकार असलेल्या स्पॉन्सरने अपलोड केलं. आता लोकांनी कळवलेल्या बगना (दोषांना) उत्तरं देणं, मूळ लेखकाच्या मागे लागणं हेही माझ्याच गळ्यात का? मी तर स्वयंसेवक आहे.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. तुमच्यावर राग नाही. हेच वाक्य, याच शब्दांत, मी चार-पाच वर्षं एका माणसाच्या तोंडून ऐकलंय.

नियमाचं उत्तर हवं असेल तर ते एका ओळीचं आहे: सक्ती नाही. डेबियनच्या घटनेतच म्हटलंय की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन या घटनेमुळे कोणावरही येत नाही. तो माणूस म्हणजे पॅकेज सांभाळण्यातला माझा जोडीदार. त्याला हे कलम तोंडपाठ होतं. आरतीसारखं म्हणायचा.

आम्ही दोघं मिळून देवनागरीचं एक फॉन्ट-पॅकेज सांभाळायचो. वापर मोजणाऱ्या पॉपकॉनवर दोनशेच्या आत माणसं. जानेवारी २०२१ मध्ये त्यावर एक बग आला, चक्क मराठीत. कोकणातले निवृत्त गुरुजी, गावच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल जुन्या कॉम्प्युटरवर जुळवतात. पुतण्याने डेबियन टाकून दिलं होतं आणि बग कळवायचं रिपोर्टबग कसं चालवायचं तेही दाखवलं होतं. सोबत छापील पानाचा फोटो. 'दुसऱ्या वर्षीचा ताळेबंद' यातल्या 'दुसऱ्या'चा पार विचका झालेला: र, त्याच्या खाली टिंब, शिवाय पाय मोडलेला, आणि शेजारी 'या' फटकून उभा. गुरुजींनी त्याभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि समासात प्रश्नचिन्ह. वही तपासल्यासारखं. खाली 'तिसऱ्या' आणि 'कर्जदाऱ्यांची' अशा आणखी दोन ठिकाणी गोल. त्यातला 'कर्जदाऱ्यांची' हा त्यांच्या टायपिस्टचा चुकीचा शब्द होता, तो आमच्या माथी मारता येणार नाही असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

जोडीदाराने त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. दोन ओळी, इंग्रजीत: हा दोष मूळ प्रकल्पाचा आहे, तिकडे कळवा. 'डन'च्या पत्त्यावर मेल, बग बंद. मराठी माणसाला मराठी माणसाने, मराठी अक्षराबद्दल.

मी ते पाहिलं होतं. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं साळसूदपणाचं वाटेल. ऑफिसात रिलीज चालू होती. मी मेल पाहिली, 'बरोबर आहे, अपस्ट्रीमचाच (मूळ प्रकल्पाचाच) दोष' असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेलो.

आठ महिन्यांनी गुरुजींची मला वेगळी मेल आली. पॅकेजच्या चेंजलॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदीतून, पत्ता शोधला होता. 'आपण सांगितल्याप्रमाणे वर कळवले. तिथे कोणी राहत नाही असे दिसते. अहवाल हाताने दुरुस्त करून वाटला.' शंभर-सव्वाशे प्रतींवर त्यांनी काळ्या पेनाने 'ऱ्या' काढला होता.

त्या रात्री फॉन्टची फाइल उघडली. 'दुसऱ्या'मधल्या आडव्या र चा आकार फॉन्टमध्ये होताच! चित्र काढलेलं, नीट, सुबक. फक्त ऱ आणि हलन्त एकत्र आले की तो आकार वापर, हा नियम लिहायचा राहिला होता. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ऱ उमटतं त्याचं हे अर्धं रूप. र, हलन्त आणि शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक टाइप करणाऱ्यांना सगळं व्यवस्थित दिसत होतं, म्हणून आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. हिंदीवाल्यांना या अक्षराची गरजच पडत नाही. एक ओळ. दुरुस्तीचा पॅच चाचणीसकट पाऊण तासात झाला.

आता हिशेब बघा. बग जानेवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डेबियनची पुढची आवृत्ती, बुल्सआय, गोठायला (बदलांवर निर्बंध यायला) जेमतेम महिना होता. त्या आठवड्यात ती ओळ घातली असती तर ऑगस्टमध्ये आलेल्या स्थिर आवृत्तीत ती असती. आम्ही सप्टेंबरात जागे झालो. म्हणजे दुरुस्ती थेट त्यानंतरच्या आवृत्तीत, बुकवर्ममध्ये, जून २०२३ मध्ये. दोन ओळींच्या उत्तराची किंमत: दोन अहवाल. मी गुरुजींना दुरुस्त पॅकेजची डेब फाइल मेलने पाठवली, पुतण्याने ती टाकून दिली, ते वेगळं. सगळ्यांना पुतण्या नसतो.

तर तुमच्या प्रश्नाकडे. बग तुम्हीच दुरुस्त केला पाहिजे असं नाही. पण वापरणाऱ्याला 'वर जा' म्हणून हाकलायचं नाही. वर तुम्ही जायचं. त्याला ना तिकडचं खातं आहे, ना तिकडची भाषा, ना 'अपस्ट्रीम' म्हणजे काय हे ठाऊक. त्याने जिथून फॉन्ट घेतला त्या दुकानात तक्रार केली, ते दुकान तुमचं. बग उघडा ठेवा, 'अपस्ट्रीम' टॅग लावा, मूळ प्रकल्पात स्वतः कळवा आणि तो दुवा 'फॉरवर्डेड' म्हणून नोंदवा. डेव्हलपर्स रेफरन्स या डेबियनच्या मार्गदर्शिकेतही हेच अपेक्षित धरलंय. जोडीदार हे पान मात्र कधी म्हणून दाखवायचा नाही.

आणि आपला पॅच आपल्यापाशीच ठेवू नका. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरचं आठवा. २००६ मध्ये वॅलग्राइंड या कोड तपासणाऱ्या साधनाची कुरकुर थांबवायला डेबियनच्या पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या. विचारणा झाली होती, नाही असं नाही, पण बदल मूळ प्रकल्पात गेला नाही, डेबियनपुरताच राहिला. मे २००८ मध्ये फुटलं तेव्हा कळलं की सांकेतिक किल्ल्या बनवताना सगळी अनिश्चितता प्रोसेस आयडीवर, म्हणजे चालू प्रोग्रामच्या क्रमांकावर, येऊन टेकली होती. एका प्रकारच्या जेमतेम ३२,७६७ किल्ल्या. आपला फॉन्ट म्हणजे ओपनएसएसएल नव्हे, मान्य. सवय मात्र तीच.

सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची परिषद, झाली, तिथे जोडीदार भेटला. चहाच्या रांगेत मी गुरुजींचा विषय काढला. तो म्हणाला, 'अरे, पगार देतं का कोणी? मी फुकट करतोय तेवढं पुष्कळ नाही का?' मी म्हटलं, 'काम नको करूस, पण जमणार नाही एवढं तरी सांग.' त्याचं म्हणणं, गप्प बसणं हेच सांगणं. गप्प बसणं म्हणजे सांगणं नव्हे, बाबा. गप्प माणसाच्या नावावर पॅकेज अडकून राहतं. दुसरा कोणी हात लावायला धजत नाही. सॅल्व्हेज करायचं, म्हणजे दुसऱ्याने ताब्यात घ्यायचं म्हटलं तरी आधी इरादा जाहीर करून २१ दिवस थांबावं लागतं, आणि एवढी खटपट करायला कोणीतरी चिडलेला माणूस लागतो. त्यापेक्षा 'हेल्प' टॅग लावा, दत्तक देतो म्हणून जाहीर करा, नाहीतर सरळ ऑर्फन करा. पॅकेज अनाथ करण्यात कमीपणा नाही. असून नसल्यासारखं राहण्यात आहे.

त्या रांगेत मी जिंकलो असं मला सहा महिने वाटत होतं.

मग मार्च २०२४ मध्ये एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर. डेबियन अनस्टेबलवर (विकास चालू असलेल्या आवृत्तीवर) एसएसएचने दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड हा डेव्हलपर खोदत गेला आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदार (बॅकडोअर) सापडलं. त्याच्या मागची गोष्ट जास्त झोंबली. एकटा, दमलेला मूळ देखभालकर्ता. २०२२ मध्ये त्याच्यावर अनोळखी नावांचा मारा: काही हलत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. आणि मदतीला हजर असलेला तो जिया टॅन, ज्याच्या नावावर ते चोरदार आहे.

ते वाचून मी आमच्या फॉन्टच्या मूळ लेखकाला २०२१ मध्ये पाठवलेल्या मेल काढल्या. तिसरीत मी लिहिलं होतं, 'आपल्याला वेळ नसल्यास मला कमिटचा (थेट बदल करण्याचा) अधिकार द्यावा, वापरणारे खोळंबले आहेत.' मजकूर तोच, हेतू काय तो वेगळा. आणि हेतू मेलमध्ये दिसत नाही. त्याने पाच आठवड्यांनी उत्तर दिलं होतं: वडील आजारी आहेत, पॅच बघतो. पुढे बघितलाही. मी त्याला 'वडील कसे आहेत' असं विचारल्याचं कुठे सापडलं नाही.

म्हणून वर जे ठणकावून सांगितलं त्यात एवढी भर घाला: वर कळवायचं, एकदा आठवण करायची, मग पॅच डेबियनमध्ये लावून गप्प बसायचं. गादी मागायची नाही. आणि घरात आजारपण असेल, बाळ असेल, नोकरी गेली असेल तर बग सहा महिने पडून राहू द्या. सुरक्षेचा किंवा रिलीज अडवणारा असेल तेवढा कोणाच्या तरी हाती द्या.

बाकी नवख्यांना स्पॉन्सर करणं, भाषांतरं बघणं हे हौसेचं. ते केलं तर उत्तम, नाही केलं तरी कोणाचा अहवाल अडत नाही.

पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये अपलोडर्सच्या ओळीत जोडीदाराचं नाव अजून आहे. काढू का, म्हणून त्याला दोनदा विचारलं, उत्तर नाही. न विचारता काढायला माझाही हात धजत नाही. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री तिसरी मेल लिहायला घेतली. ती ड्राफ्टमध्ये आहे. सुरुवातीला 'घरी सगळे कसे आहेत' असं लिहिलंय.