यादीत नाव दिलंस ना, मग हे वाच

चि. कवयित्रीस,
अनेक आशीर्वाद.

बाणेरच्या त्या पबातल्या ओपन माईकसाठी, म्हणजे नाव देईल त्याला माईकवर वाचू देणाऱ्या कार्यक्रमासाठी, नाव दिलंस, हे कळलं. बरं केलंस. घरी काय सांगायचं, हे मला विचारलंयस. त्यात मी पडणार नाही, ते तुझं तू बघ. पण पबात कविता वाचणं जरा हलकं, असं तुझ्याच मनात कुठे असेल तर ते काढून टाक. कवितावाचनाच्या स्पर्धेचा जो प्रकार आज ‘स्लॅम’ म्हणून जगभर चालतो, तो वाढला शिकागोच्या बारमध्ये. मार्क स्मिथ हा बांधकामावर राबलेला माणूस. त्याने १९८६ साली ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये हा कार्यक्रम सुरू केला. आपल्या पुण्यात १९२३ साली जमलेलं कवींचं रविकिरण मंडळही चहाच्या निमित्तानेच एकत्र बसायचं. चहा काय, बिअर काय, कवी कुठेतरी टेकणारच.

बिअरवरून आठवलं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वयाची अट २१ वर्षांची आहे आणि कडक दारूला २५. तुझं वय पाहता दारावर अडवतील का, हे आयोजकाला आधीच फोन करून विचार. नुसतं वाचायला येणाऱ्यांना कुठे सोडतात, कुठे नाही.

आता मुद्द्याचं. हे कार्यक्रम बहुतेक मंगळवार-बुधवार-गुरुवारी का असतात, ठाऊक आहे? शुक्रवारी-शनिवारी टेबलं आपोआप भरतात, मधल्या वारी भरत नाहीत. म्हणजे पबच्या हिशेबात तू आणि तुझ्यासोबत येणाऱ्या चार मैत्रिणी म्हणजे गिऱ्हाईक. आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक कवितेसाठी आलेलेच नसतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणी ऑफिस सुटल्यावर थेट आलेलं असतं, भिंतीवरच्या टीव्हीवर मॅच चालू असते. तुझ्या सर्वांत हळव्या ओळीवर बारवाला बर्फ फोडणार, हे धरूनच चाल. काही कवी अशा वेळी थांबून ‘जरा शांत बसता का?’ म्हणतात. शांतता मिळते त्यांना, पण ती रुसलेली असते, आणि पुढच्या कवीलाही तिच्यासमोरच वाचावं लागतं.

यावर लोक सांगतात तो उपाय म्हणजे आवाज चढवणं. मला तो पटत नाही. गोंगाटात कविता कशी पोचवायची, हे आपल्या शाहिरांनी कधीच सोडवून ठेवलंय. जत्रेच्या गर्दीत पोवाडा म्हणताना मागचे झीलकरी ‘जी रं जी’ उचलतात. तेवढ्यात शाहिराला दम मिळतो, आणि ज्याचं लक्ष उडालं होतं त्याला परत यायला फट मिळते. तुझ्यामागे झीलकरी नसणार, म्हणून ती फट कवितेतच हवी. ध्रुवपदासारखी परत येणारी ओळ असलेली कविता निवड. वेटरने बिल ठेवलं तेव्हा ज्याची ओळ हुकली, त्याला ती पुढच्या कडव्यापाशी पुन्हा सापडते. तुझ्या त्या दीर्घ मुक्तछंदात एक वाक्य नऊ ओळी चालतं. कागदावर ते सुंदर आहे, मला आवडतं. पबात तिसऱ्या ओळीला कर्ता कोण हे कुणाच्या ध्यानात राहायचं नाही.

निवडलेली कविता घरी एकदा मिक्सर चालू ठेवून आईला वाचून दाखव. काय कळलं ते तिला विचार. ‘छान आहे’ हे उत्तर धरू नकोस.

ओपन माईकवर हल्ली एक ठरावीक सूर ऐकू येतो. ओळीच्या शेवटी आवाज वर न्यायचा, मग एकदम कुजबुजायचं, मग पुन्हा वर. हिंदीत वाचणारे, इंग्रजीत वाचणारे, सगळे त्याच चालीवर, आणि मागे मोबाईलवरची पियानोची धून. तू मराठीत वाचणार आहेस, तर मराठी बोलतेस तशीच वाच. समोर अमराठी लोक असतील म्हणून आधी इंग्रजीत सारांश सांगू नकोस. सारांश कळला की माणूस ऐकायचं थांबतो. ‘ही कविता मी तेव्हा लिहिली जेव्हा…’ ही प्रस्तावना तर नकोच. नाव सांग, एक श्वास घे, पहिली ओळ.

माईकबद्दल नीट वाच, कारण हे कुणी शिकवत नाही. पबात बहुधा गोल जाळीच्या डोक्याचा, हातात धरायचा माईक असतो. तोंडापासून चार बोटं दूर ठेव. अगदी ओठांना लावलास तर आवाज खर्जात जातो, भारदस्त वाटतो आणि नवख्यांना तो फार आवडतो. पण ऐकणाऱ्याला शब्द गढूळ ऐकू येतात. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. मराठी कवितेत भाकर आणि पाऊस किती, तूच बघ! म्हणून माईक समोरासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडून किंचित तिरका धर. जाळी मुठीत धरू नकोस, आणि हात खाली सोडलास तर माईकचं तोंड स्पीकरकडे वळू देऊ नकोस, नाहीतर शिट्टी मारतो. मान वळवशील तसा माईकही वळव. स्टँड आधीच्या उंच मुलाच्या मापाचा असेल तर खाली करून घे. ते दहा सेकंद तुझेच आहेत, घाई नको.

कविता मोबाईलवरून वाचू नकोस. स्क्रीन काळी होते, वर मेसेज येतात, चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ने, कारण पबातला उजेड वाचण्यासाठी नसतोच. पाठ असेल तर उत्तम, तरी कागद हातात असू दे. पाच मिनिटं दिली असतील तर साडेतीन मिनिटांचंच वाच. टाळ्या, चालत जाणं, स्टँड हलवणं, सगळं त्या पाचातच बसतं. वेळ संपल्याचा इशारा झाल्यावरही ‘अजून एक छोटीशी’ म्हणणाऱ्या माणसाला यादीतला पुढचा प्रत्येक जण मनात शिव्या घालत असतो.

आणि आपलं वाचून झालं की पर्स उचलून निघू नकोस. यादीतला शेवटचा कवी बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांना वाचतो, कारण त्याच्या आधीचे सगळे आपापल्या मित्रांसकट गेलेले असतात. मला याची चीड येते. रिक्षा मिळणार नाही म्हणून जायचंच असेल तर आयोजकाला सांगून आधीचा नंबर माग आणि निदान मध्यंतरापर्यंत थांब. लक्ष देऊन ऐकणाऱ्या पोरीला पुढच्या खेपेला आयोजक आपणहून बोलावतो, हेही खरंच.

वाचण्याआधी थंडगार सोडा पिऊ नकोस, ढेकर माईकवर फार स्वच्छ ऐकू येते. साधं पाणी माग.

रविवारपर्यंत दोन कविता निवडून मला पाठव, फोनवर वाचूनच दाखव. पावसावरची मात्र नको. त्या रात्री यादीत आणखी चौघांचा पाऊस असणार.

तुझा,
काका