फुकटच्या प्रतीची झळ कोणाला?

प्रश्न : जळगावात आमचे लग्नपत्रिकांचे छोटे दुकान आहे. चोरीचे सॉफ्टवेअर वापरल्याने परदेशी कंपनीचे असे कितीसे बिघडते?

उत्तर : कंपनीचे नुकसान सांगितले जाते तेवढे नसतेही, कारण फुकट प्रत वापरणारा प्रत्येक जण एरवी ती विकत घेईलच असे नाही. खरी झळ बसते ती तुमच्याच बाजारपेठेतील सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेतलेल्या व्यावसायिकाला. त्याचा तो खर्च पत्रिकेच्या दरात चढतो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे वळते. कृषी केंद्रांसाठी बिलाचे मराठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या धुळ्या-भुसावळच्या एखाद्या तरुणाचे तर मोजक्या प्रती चोरल्या गेल्या तरी वर्षाचे गणित कोलमडते, आणि याचेच मला अधिक वाईट वाटते. शासनाचा १८ टक्के जीएसटीही बुडतो. शिवाय अशा प्रतीतून व्हायरस शिरला, तर ऐन लग्नसराईत मजकुराच्या सगळ्या फाइली जाऊन नुकसान तुमचेच होईल. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी नुसार जाणूनबुजून अशी प्रत धंद्यात वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांच्या कैदेची आणि किमान ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. इंकस्केप (चित्रांसाठी) आणि स्क्रायबस (पानांच्या मांडणीसाठी) ही सॉफ्टवेअर विनामूल्य व कायदेशीर असून त्यांत युनिकोड मराठी चालते. नव्या पत्रिका आधी त्यांत करून पाहाव्यात.