तीनशेवा वाटा आणि तुझा प्रवेशअर्ज

तुझा प्रश्न थोडक्यात असा : नाशिकला इंग्रजी घेऊन एमए झालंय, अमेरिकन अभिजात साहित्य शिकायला अमेरिकेत दुसरं एमए करायचंय, घरचे कर्ज काढायला तयार आहेत; यावं का, आणि तिथे वेगळं काय शिकवतात? ताई म्हणून विचारलंस, तर ताईच्या हक्कानेच सांगते.

आधी पैशाचं. एमएसाठी कर्ज काढून येऊ नकोस. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत इंग्रजीच्या पीएचडीला फी माफ असते, आणि पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. एमएला हे क्वचित. शिक्षण संपल्यावर काम करायची जी मुदत मिळते, ओपीटी, ती आपल्या विषयाला १२ महिन्यांची. विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना वर २४ महिने वाढवून मिळतात, आपल्याला नाहीत. तेवढ्यात कर्ज फिटत नाही. कायमच्या नोकऱ्याही कमी आहेत. मी स्वतः पीएचडीनंतर बरीच वर्षं तात्पुरत्या करारांवर शिकवलं. एवढं ऐकूनही यावंसं वाटत असेल तर थेट पीएचडीचे अर्ज भर.

आता शिकण्याचं. इथे माझ्या पहिल्याच सत्रात हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही देवमाशाच्या शिकारीची कादंबरी होती. कोल्हापुरात गाईडमधून पाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं : पांढरा देवमासा हे दुष्टाव्याचं प्रतीक, कप्तान एहॅब म्हणजे माणसाचा अहंकार वगैरे. मी बोलून झाल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, “इश्माएलला पगार किती ठरला?” इश्माएल म्हणजे गोष्ट सांगणारा खलाशी. मला सांगता येईना. कादंबरी मी वाचली होती, पण ती पानं भराभर उलटून.

देवमाशांच्या शिकारीच्या त्या जहाजांवर पगार नसे, वाटा असे. आपल्या कोकणात मासेमारीच्या होड्यांवर वाटे पडतात तसा. मालक इश्माएलला नफ्याचा ७७७वा हिस्सा देऊ पाहतो, शेवटी ३००व्यावर ठरतं. भाला मारण्यात पटाईत असलेल्या क्वीक्वेगला ९०वा. सफरी दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या. हा हिशेब कळला आणि कादंबरी एकदम जमिनीवर आली. मग त्याच्या शेजारी दुसरा धागा ठेवायचा. देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, गिरण्यांच्या चात्याही त्याच वंगणावर फिरत, आणि त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतले गुलाम वेचत. १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला. एप्रिल १८५१ मध्ये थॉमस सिम्स नावाच्या तरुणाला बॉस्टनहून जॉर्जियाला, गुलामगिरीत, परत धाडलं. त्याच्या सुटकेचा अर्ज फेटाळणारे मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ हे मेलव्हिलचे सासरे. कादंबरी त्याच वर्षी बाहेर आली. हे माहीत झाल्यावर जहाजावरचा काळा पोरगा पिप वाचताना माझा हात थांबला होता.

म्हणून विद्यापीठ निवडताना जवळपास जुन्या कागदपत्रांची कोणती दप्तरं आहेत ते बघ. क्रमवारीपेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. मी न्यू बेडफर्डला, मॅसॅच्युसेट्समधल्या देवमासेमारीच्या जुन्या बंदरात, जहाजांच्या खलाशांच्या जुन्या याद्या पाहिल्या. नाव, गाव, उंची, केस, आणि एक रकाना कातडीच्या रंगाचा : उजळ, सावळा, काळा, पिवळा. एकाच शाईत, एकाच वळणात, ओळीखाली ओळ. त्या रकान्यावर मी सबंध दुपार काढली. गुलामगिरीतून पळालेला आणि पुढे लेखक म्हणून गाजलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ साली याच गावात आला. जहाजाच्या फटी बुजवण्याचं काम त्याला उत्तम येत होतं, पण तो हात लावील तर आम्ही काम सोडू असं गोऱ्या कामगारांचं म्हणणं. त्याने लाकडं फोडली, कोळसा उपसला. १८४०च्या अखेरीस मेलव्हिल जहाजावर चढायला इथे आला तेव्हा डग्लस याच गावात राहत होता. दोघांची पुस्तकं आपल्याकडे वेगवेगळ्या पेपरांना लावतात. मला ते फार खुपतं.

तुझं मराठी इथे अडचण होईल अशी भीती तू लिहिली आहेस. उलट तेच पुढे कर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. माझ्या वर्गात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर पुढचा तासभर त्यावरच बोलणं झालं. अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’मध्ये तळ्याचा बर्फ कापून नेण्याचं वर्णन येतं, तिथे मुंबईचं नाव आहे : बॉस्टनच्या व्यापाऱ्यांचा बर्फ तेव्हा खरोखर मुंबईला उतरत होता. अशा जागा मराठी वाचकाला दिसतात. तुझ्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘साहित्याची लहानपणापासून आवड’ हे वाक्य नको, असा एखादा प्रश्न हवा.

अर्जाबरोबर पंधरा-वीस पानांचा निबंध लागतो, निवड मुख्यतः त्यावर होते. एकच पुस्तक घे, त्यातली दोन-तीन पानं घे, आणि ते छापलं गेलं त्या वर्षाची वर्तमानपत्रं वाच. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी अमेरिकन वृत्तपत्रं फुकट वाचता येतात. मुदती बहुतेक डिसेंबरात असतात, म्हणजे दिवाळीपर्यंत मसुदा हातात हवा. व्हिसाचे नियम सारखे बदलतात. ते एजंटाकडून ऐकू नकोस, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाच लिहून विचार.

आलीस की पहिल्या जानेवारीत न्यू बेडफर्डला जा. तिथल्या संग्रहालयात ‘मोबी डिक’ अखंड वाचतात, जवळजवळ पंचवीस तास, आपल्याकडे पारायण चालतं तसं. समोरच खलाशांचं चर्च आहे, भिंतींवर समुद्रात गेलेल्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. जहाजाच्या नाळेसारखं, म्हणजे पुढच्या टोकासारखं, व्यासपीठही आहे, पण ते १९६१ साली बसवलं. मेलव्हिलने ते कल्पनेने लिहिलं होतं आणि पुस्तक वाचून येणारे लोक ते शोधत. त्या पाट्यांपुढे मात्र दहा मिनिटं उभी राहा.

निबंधाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव. शुद्धलेखन सोडून सगळं बघीन.