विंडोजमधून फाइल्स उडवल्या, तरी आयसिरीजवर जागा का वाढत नाही?

प्रश्न : आमच्याकडे जुनी आयसिरीज (आयबीएमचा बिझनेस सर्व्हर) आहे, तिच्या आत कार्डावर विंडोज सर्व्हर चालतो. ई ड्राइव्हवरच्या भरपूर जुन्या फाइल्स डिलीट केल्या तरी सिस्टीम एएसपी (मशीनच्या मुख्य डिस्कचा एकत्र साठा) ८८ टक्के भरलेलाच दाखवतंय. त्यात अकाउंट्सवाल्यांना अजून एक ड्राइव्ह हवाय. नवीन हार्ड डिस्क घ्यावी लागेल का?

उत्तर : डिस्कची ऑर्डर लगेच देऊ नका. त्या कार्डावर प्रोसेसर आणि मेमरी असते, डिस्क नसतेच. विंडोजला जो ई ड्राइव्ह दिसतो ती आयसिरीजच्याच डिस्कवर राखून ठेवलेली स्टोरेज स्पेस असते, आणि ती बनवताना जेवढा साइज दिला तेवढी जागा तेव्हाच अडकते, मग आत फाइल्स असोत नाहीतर नसोत. तुम्ही डिलीट केलं ते फक्त विंडोजला कळलं, आयसिरीजला त्याचा पत्ताच नाही.

आता आयसिरीजवर डब्ल्यूआरकेएनडब्ल्यूएसएसटीजी कमांड मारा, सगळ्या स्पेसची यादी येईल. त्यात कुठल्याच सर्व्हरला लिंक नसलेल्या स्पेस नीट बघा, कारण जुनं टेस्टिंग, बंद केलेला सर्व्हर असलं बरंच काही तिथे वर्षानुवर्षं पडून असतं आणि जागा खात असतं. टेपवर सेव्ह करून मगच डिलीट करा, खात्री नसेल तर हात लावू नका. ई ड्राइव्ह गरजेपेक्षा फारच मोठा असेल तर त्याची स्पेस लहान करता येत नाही, छोटी नवीन बनवायची, डेटा कॉपी करायचा, मग जुनी अनलिंक करून काढायची, पण हे करताना थोडा वेळ दोन्हींची जागा लागते हे धरून चला.

अकाउंट्सचा ड्राइव्ह जागा मोकळी झाल्यावरच. सीआरटीएनडब्ल्यूएसएसटीजीने एमबीमध्ये साइज देऊन स्पेस बनवा, एडीडीएनडब्ल्यूएसएसटीजीएलने डायनॅमिक लिंक करा म्हणजे चालू सर्व्हर व्हॅरी ऑफ (म्हणजे बंद) करावा लागत नाही, आणि पुढे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्ह लेटर द्या. आयसिरीज हा डेटा एएसपीतल्या सगळ्या डिस्कवर पसरवते त्यामुळे छोट्या ड्राइव्हलाही बऱ्याच डिस्कचा स्पीड मिळतो, मला या मशीनची ही गोष्ट फार आवडते.

फक्त ८८ टक्के हलक्यात घेऊ नका हो. डिफॉल्ट लिमिट ९० आहे, त्यापुढे मेसेज यायला लागतात, आणि सिस्टीम एएसपी पूर्ण भरला तर नुसता विंडोज नाही, अख्खं मशीन बसतं, बिलिंग, पगार सगळंच. म्हणून सफाई याच आठवड्यात करा. सगळं साफ करूनही आकडा ८०च्या वरच राहिला तर मात्र डिस्क घ्या.