खानापूरच्या नव्या वार्ताहराला

आरोग्याच्या बातम्या करायला घेतल्यास, फार बरं वाटलं. आधी मथळा सांभाळ.

‘माकडताप’च बघ. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार ओळखला गेला. माणसाला तो मुख्यतः बाधित गोचीड चावून होतो. माणसापासून माणसाला लागत नाही. पण मथळ्यात नुसतं माकड आलं की लोक माकडालाच वैरी समजतात, आणि रानात लाकडं आणायला जाणारी बाई पाय झाकायचं विसरते. म्हणून ‘गोचीड’ हा शब्द पहिल्या दोन ओळींत हवाच. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा, हेही लिही.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- ‘रुग्ण दुप्पट’ लिहिणं. दोनाचे चार की दोनशेचे चारशे? आकडा दे.
- अहवालाआधीच संशयिताला रुग्ण म्हणणं.
- कन्नड पत्रकाच्या ऐकीव भाषांतरावर बातमी करणं. कन्नड येत नसेल तर जाणत्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घे.

रुग्णाचं नाव, गल्ली कधीच छापू नकोस. साथ ओसरली की तीही बातमी दे. पहिल्या वर्षी मी ती दिली नाही. एका वाडीतली पोरं त्यानंतरही बरेच दिवस शाळेत आली नाहीत.