पेशी घटल्या, की वय वाढलं?

“मॅडम, एक गोळी चुकवली नाही, तरी लेकराच्या पेशी निम्म्यावर आल्या.” एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, माझ्यासमोर बसून एचआयव्ही असलेल्या मुलांचे आईबाप हे वरचेवर बोलतात. पेशी म्हणजे सीडी-फोर, एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. या आईबापांतली एक आई माझ्या मनातून जात नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिने मुलाच्या उपचारांच्या हिरव्या पुस्तकातून वहीचा घडी केलेला कागद काढला. त्यावर बॉलपेनने तीन आकडे: 2140, 1480, 1060. मध्ये खाली जाणारे बाण. शेवटचा बाण इतका दाबून काढलेला, की तिथे कागद फाटला होता.

पहिली तपासणी मुलगा दीड वर्षाचा असतानाची, दुसरी तीन वर्षांची, तिसरी अलीकडची, पाच पूर्ण झाल्यावरची. ती द्राक्षाच्या बागेत कामाला जाते, परतायला अंधार पडतो. त्यामुळे संध्याकाळची गोळी सासू देते, वाटीतल्या पाण्यात विरघळवून चमच्याने. रिपोर्ट हातात पडल्यापासून हिच्या मनाने घेतलं होतं, की आत्या, म्हणजे सासू, गोळी विसरतात आणि सांगत नाहीत. रोज रात्री डबी उपडी करून ती गोळ्या मोजायची. आठ दिवस घरात अबोला होता.

मी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. सीडी-फोरच्या आकड्यालगत टक्केवारी छापलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती होती 34, 35 आणि 36.

“ताई, हे आकडे कुठे घटलेत?”

तिला समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाला प्रत्येक जंतू नवा असतो, म्हणून त्याच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतात. सीडी-फोर पेशी त्यांतल्याच. अगदी निरोगी बाळातही पहिल्या वर्षात त्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण अडीच-तीन हजार असतात आणि सहा वर्षांच्या पुढे हजाराच्या आसपास येतात. उतार वयाचा आहे, आजाराचा नाही. एकूण लिम्फोसाइटमध्ये सीडी-फोरचा वाटा किती, हे टक्केवारी सांगते. ती वयाबरोबर फारशी हलत नाही, म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांत तिच्यावर जास्त भिस्त ठेवतात. पुढे मोठ्यांसारखा आकडाच पाहतात. ताप, सर्दी, इतकंच काय दिवसाची वेळ बदलली तरी आकडा शेदोनशेने इकडेतिकडे होतो.

रिपोर्टच्या कडेला मोठ्यांचीच सामान्य मर्यादा छापलेली असते, ते मला फार खटकतं. त्याचा उलटा फटका जास्त वाईट. एक बाप आठ महिन्यांच्या मुलीचा 900 आकडा बघून निर्धास्त झाला होता, कारण कागदावर 500 च्या वर म्हणजे ठीक असं दिसत होतं. त्या वयात 1500 च्या खाली म्हणजे प्रतिकारशक्ती गंभीर कमी झालेली. त्या मुलीला मी त्याच तासात डॉक्टरांकडे नेलं.

या मुलाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, पाहिला: विषाणू आढळला नाही. उरलेल्या गोळ्या मोजल्या, त्याही बरोबर. औषध लागू पडतंय का, हे विचारायचं तर या दोन गोष्टींना विचारावं. टक्केवारी खरोखर घसरली, वजन थांबलं किंवा मूल सारखं आजारी पडू लागलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघत बसू नये.

ती बराच वेळ गप्प होती. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे आत्या रोज देत होत्या.”

“रोज देत होत्या.”

तिने माझ्याकडचं पेन मागितलं. फाटलेल्या कागदावर प्रत्येक आकड्यासमोर टक्केवारी लिहिली, सावकाश, माझ्याकडून एकेक विचारून घेत. मग फोन घेऊन व्हरांड्यात गेली. मुलगा तोवर वजनकाट्यावर चढून उभा राहिला होता आणि माझ्याकडे बघून ओरडत होता, “किती भरलो?”